यू-बूटमध्ये आमचा बोर्ड नेला त्याचा अनुभव

पुण्यातल्या आमच्या कंपनीत ऑलविनर ए२० या चिपवरचा एक औद्योगिक कंट्रोलर बोर्ड वापरात आहे. बोर्ड बनवणाऱ्यांनी सोबत दिलेला बूटलोडर, म्हणजे वीज आल्यावर लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम, हा यू-बूट या मुक्त प्रकल्पातलाच होता, पण मूळ प्रकल्पापासून फार पूर्वी वेगळा काढलेला आणि नंतर कुणी हात न लावलेला. लिनक्सचा गाभा, म्हणजे नवं कर्नल, त्यावर धड सुरू होत नव्हतं आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यात आल्याच नव्हत्या. ऑफिसात सगळ्यांचं म्हणणं होतं की तोच कोड थोडा दुरुस्त करून काम भागवू. मी हट्ट धरला की हा बोर्ड मूळ यू-बूटमध्येच गेला पाहिजे. तिथे एकदा गेला की पुढचे बदल करणारा माणूस आपल्या बोर्डाचा कोडही सोबत सांभाळतो, आणि हे काम एकट्या कंपनीला जन्मभर जमण्यासारखं नाही.

आधी बोर्ड चालवायला हवा होता. ए२० ला वीज मिळाली की चिपमधला बूट रॉम एसडी कार्डावर ८ किलोबाइटच्या ठिकाणापासून एक छोटा प्रोग्राम उचलतो आणि चिपच्या आतल्या छोट्या मेमरीत, एसरॅममध्ये, टाकून चालवतो. हा एसपीएल. तो ३२ किलोबाइटांच्या आतच मावायला हवा, कारण त्या क्षणी बाहेरची मोठी मेमरी, डीरॅम, वापरण्याजोगी झालेलीच नसते. डीरॅम सुरू करायची, मग तिच्यात खरा यू-बूट आणून ठेवायचा, एवढ्यासाठीच एसपीएल असतो. दर वेळी कार्ड काढून लिहीत बसावं लागू नये म्हणून मी चिपचा 'फेल' (एफईएल) नावाचा मोड वापरला. त्यात यूएसबीवरून कोड थेट बोर्डात पाठवता येतो.

सिरीयल कन्सोलवर ११५२०० बॉडला एसपीएलची पहिली ओळ उमटली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. पण ओळ दिसली म्हणजे काम झालं असं नसतं. डीरॅम ४८० मेगाहर्ट्झवर ठेवली तर बोर्ड लिनक्सपर्यंत सरळ जात होता, लॉगिन होत होतं, सगळं सुरळीत दिसत होतं. मेमरी तपासणारा लिमा-मेमटेस्टर लावल्यावर मात्र बोर्ड गरम झाला की चुका दिसू लागायच्या. हा टेस्टर ग्राफिक्सचा भागही कामाला लावतो, त्यामुळे मेमरीवर खरा ताण येतो. ४३२ वर आणल्यावर तो रात्रभर एकही चूक न देता चालला. आमच्याकडचे सगळे नमुने मी त्याच तपासणीतून काढले.

मग कागदपत्रं. यू-बूटमध्ये प्रत्येक पॅचखाली, म्हणजे मेलने पाठवलेल्या कोडमधल्या बदलाखाली, 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ लागते. हा कोड द्यायचा मला हक्क आहे, असं आपण तिथे स्वतःच्या नावाने जाहीर करतो. कोड कंपनीच्या वेळेत लिहिलेला, म्हणून साहेबांकडून लेखी परवानगी घेतली. यू-बूटचा मुक्त परवाना जीपीएल म्हणजे काय आणि आपण हा कोड का देऊन टाकायचा, हे त्यांना समजावायला कोड लिहिण्याइतकीच मेहनत पडली. पॅचची मांडणी तपासणारा 'चेकपॅच' चालवून घेतला. पॅच कुणाकुणाला जायला हवा ते 'गेट-मेंटेनर' या स्क्रिप्टने काढून दिलं. ऑफिसच्या मेलखाली गोपनीयतेची सूचना आपोआप लागते आणि ओळीही मोडतात, म्हणून 'गिट सेंड-ईमेल' वेगळ्या खात्यावरून लावलं.

इथे कोण काय पाहतं हे आधी कळलेलं बरं. वोल्फगांग डेंक यांचा पीपीसीबूट पॉवरपीसीसाठी होता. तो इतर प्रोसेसरांवर पसरला आणि २००२ मध्ये यू-बूट झाला. २०१२ पासून टॉम रिनी मुख्य जबाबदारी पाहतात. डेंक यांचं २०२२ मध्ये निधन झालं. आज हजाराहून जास्त बोर्डांची कॉन्फिगरेशन्स कोडच्या या एकाच झाडात आहेत. प्रत्येक विभागाचा एक कस्टोडियन असतो. तो आपल्या विभागाचे पॅच गोळा करून पुढे देतो. ऑलविनरच्या बोर्डांचा विभाग 'सनएक्सआय' नावाने चालतो.

पॅच पाठवल्यावर पहिलं उत्तर आलं ते असं की बोर्डाची डिव्हाइस ट्री, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन करणारी फाइल, आधी लिनक्स कर्नलमध्ये जाऊ द्या, यू-बूट ती तिथून घेईल. मी थोडी नाराज झाले, कारण एकाऐवजी दोन प्रकल्पांत रांग लावायची होती. पण कारण पटलं. हार्डवेअरचं वर्णन एकच असावं. दोन ठिकाणी दोन वर्णनं राहिली की काही वर्षांनी ती एकमेकांशी भांडू लागतात. कर्नलच्या बाजूने बोर्ड बनवणाऱ्याचं छोटं नाव (व्हेंडर प्रीफिक्स) नोंदवावं लागलं, डिव्हाइस ट्री ठरलेल्या नियमांत (स्कीमात) बसते का याची तपासणी पार करावी लागली, आणि कर्नलची पुढची आवृत्ती येईपर्यंत थांबावं लागलं.

यू-बूटच्या बाजूने पॅच लहान होता: बोर्डाच्या सेटिंग्जची फाइल (डेफकॉन्फिग), कोण काय सांभाळतं ते सांगणाऱ्या 'मेंटेनर्स' फाइलमधली नोंद, थोडंफार आणखी. तरी त्यावर विचारलेला सगळ्यात चांगला प्रश्न एका आकड्याबद्दल होता. डीरॅमचा ४३२ मेगाहर्ट्झ हा वेग कुठून आला? पॅच मेसेजमध्ये मी फक्त आकडा दिला होता, कारण कोडमध्ये तेवढंच लागतं. परीक्षकाचं म्हणणं होतं की पुढे कुणी हा आकडा बदलायला निघाला तर त्याला तुमची तपासणी दिसली पाहिजे. मी ४८० ला काय होतं, कुठल्या टेस्टरने, बोर्ड किती तापलेला असताना, हे सगळं मेसेजमध्ये लिहिलं आणि दुसरी आवृत्ती पाठवली. पहिल्या आवृत्तीपासून काय बदललं ते मेसेजनंतरच्या तीन आडव्या रेघांच्या खाली लिहिलं, म्हणजे ते परीक्षकाला दिसतं पण इतिहासात साचत नाही. आता मी ऑफिसातल्या खाजगी कोडलाही असेच मेसेज लिहिते, आणि टीमकडूनही लिहून घेते.

मग एक अनपेक्षित मेल आलं. परदेशातल्या एका अनोळखी माणसाकडे हाच बोर्ड होता. त्याने माझा पॅच लावून पाहिला, इथरनेट आणि यूएसबी चालतात असं कळवलं आणि खाली 'टेस्टेड-बाय' लिहिलं. माझ्याकडे नसलेल्या, दुसऱ्या कंपनीच्या डीरॅम चिप असलेल्या नमुन्यावर ४३२ टिकतं, हे मला त्याच्यामुळेच कळलं. आमच्या प्रयोगशाळेत ही तपासणी कधीच झाली नसती.

यू-बूटची आवृत्ती जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये येते. नवीन गोष्टी पहिल्या तीन आठवड्यांच्या मर्ज विंडोत घेतल्या जातात, पुढचा काळ स्थिर करण्याचा. ती विंडो नुकतीच बंद झाली होती, म्हणून पॅच कस्टोडियनच्या शाखेत थांबला आणि पुढच्या फेरीत मुख्य झाडात गेला.

मेंटेनर्समध्ये त्या बोर्डासमोर आता माझं नाव आहे. त्यामुळे आवृत्तीआधीचा चाचणीचा मसुदा, म्हणजे दर रिलीज कॅंडिडेट, आला की मी तो बोर्डावर चढवते, मेमरी, इथरनेट, एसडी कार्ड पाहते आणि निकाल कळवते. मध्यंतरी कॉन्फिगरेशनचं एक जुनं नाव सगळ्या बोर्डांवरून एकदम बदललं, तेव्हा बदल करणाऱ्याने आमचीही फाइल न सांगता सुधारून ठेवली होती. मी फक्त बिल्ड करून, बोर्ड सुरू करून, खाली 'टेस्टेड-बाय' लिहून पाठवलं.