चौकट आधी की उजेड आधी: सरावाच्या नोंदवहीतून

डिजिटल छायाचित्रण शिकताना चौकटीची रचना आणि प्रकाशयोजना हे दोन विषय सहसा वेगवेगळ्या पाठांत शिकवले जातात. मीही सरावाला सुरुवात त्याच क्रमाने केली. गेल्या काही महिन्यांच्या सरावानंतर मात्र माझी अशी खात्री झाली आहे की, निदान माझ्यासारख्या नवशिक्या व्यक्तीने हे दोन्ही विषय एकत्रच शिकावेत. कारण चित्र पाहणाऱ्याची नजर बहुतेक वेळा प्रथम सर्वांत उजळ जागेकडे किंवा उजेड आणि अंधार एकमेकांना भिडतात त्या रेषेकडे जाते, आणि ती जागा चौकटीत कुठे पडते हे ठरवणे म्हणजेच रचना करणे. ही नोंद या एका मुद्द्याभोवतीच्या सरावाची आहे. साधने साधीच आहेत: एपीएस-सी, म्हणजे मध्यम आकाराचा, सेन्सर असलेला कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स आणि एफ १.८ पर्यंत (म्हणजे बरीच रुंद) उघडणारी ५० मिमीची प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स.

पहिला सराव घरातल्या पूर्वेच्या खिडकीपाशी केला. खिडकीशेजारी टेबल, त्यावर मातीचे एक लहान मडके आणि मागे भिंत, एवढीच मांडणी होती. सूर्य प्रत्यक्षात अवाढव्य असला तरी पृथ्वीवरून तो आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून थेट उन्हाची सावली धारदार कडेची पडते. त्याच खिडकीवर पातळ पांढरा सुती पडदा ओढला की उजेडाचा स्रोत सूर्य न राहता संपूर्ण खिडकी होते आणि मडक्याच्या गोलाईवरून प्रकाश हळूहळू सावलीत उतरत जातो. प्रकाश मऊ की कठीण हे दिव्याच्या किमतीवर अवलंबून नसते. वस्तूच्या जागेवरून पाहिल्यास स्रोत किती मोठा दिसतो, यावर ते ठरते. टेबल खिडकीपासून दूर सरकवत नेले तसा उजेड कमी होत गेलाच, पण खिडकी मडक्याच्या दृष्टीने लहान होत गेल्यामुळे सावलीची कडही स्पष्ट होत गेली. हे वाचून समजते, परंतु एकच मांडणी टप्प्याटप्प्याने सरकवून काढलेली चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर ते जसे मनात ठसते तसे वाचनाने ठसत नाही.

मडक्याच्या जागी पितळी तांब्या ठेवल्यावर सगळेच गणित बदलले. मडक्याचा पृष्ठभाग प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. घासून लखलखीत केलेले पितळ मात्र समोरचे जग जसेच्या तसे परत पाठवते. त्यामुळे तांब्यावर उजेड टाकण्याचा विचार सोडून तांब्यात काय दिसावे याचा विचार करावा लागतो. एका बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता ठेवला तर तांब्याच्या पोटावर एक रुंद, शांत, उजळ पट्टा उमटतो, आणि दुसऱ्या बाजूला काळा कार्डपेपर उभा केला तर त्या बाजूची कड गडद होऊन फिकट भिंतीपासून सुटी दिसते. धातूच्या वस्तूंवर ज्यांनी अजून हात बसवलेला नाही त्यांनी हा काळा कागद जरूर वापरून पाहावा. उजेड वाढवण्याइतकाच उजेड अडवणेही प्रकाशयोजनेचा भाग आहे, हे त्याच्यामुळे लगेच कळते.

याच काळात एक सवय लावून घेतली आणि तिचा मला फार उपयोग झाला. कॅमेरा रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) साठवतो, पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र कृष्णधवल दिसेल अशी योजना करता येते. रंग फाइलमध्ये सुरक्षित राहतात. चौकट ठरवताना डोळ्यांसमोर फक्त उजेड आणि अंधाराचे आकार असतात. तांबडी साडी किंवा हिरवी भाजी यांचे आकर्षण बाजूला पडते आणि कोपऱ्यातला निष्कारण पांढरा तुकडा ताबडतोब खुपू लागतो. डोळे किलकिले करून पाहिल्यानेही जवळपास हेच साधते.

चौकटीचे उभे-आडवे तीन भाग करून मुख्य विषय त्या रेषांवर ठेवण्याचा नियम, म्हणजे तृतीयांशाचा नियम, आपण सगळेच प्रथम शिकतो, आणि कॅमेऱ्यातले ग्रिड (पडद्यावरची रेषांची जाळी) त्यासाठीच असते. या नियमाला नाव देऊन तो लिखित स्वरूपात मांडला तो इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथ यांनी, १७९७ साली. मला विशेष वाटते ते हे की, त्यांनी इंग्रज चित्रकार सर जोशुआ रेनॉल्ड्स यांच्या ज्या विवेचनावरून हा नियम काढला ते विवेचन मुळात उजेड आणि अंधाराच्या प्रमाणाविषयी होते: एकाच चित्रात सारख्या तोलाचे दोन उजेड नसावेत, एक प्रमुख असावा आणि बाकीचे दुय्यम. आज ग्रिडवर बोट ठेवून वस्तू कुठे ठेवायची एवढेच सांगितले जाते आणि उजेडाचा अर्धा भाग गळून जातो. नियमाचा तो गळलेला भाग मला ग्रिडपेक्षा अधिक कामाचा वाटतो.

दुसरा मोठा सराव पुण्याच्या महात्मा फुले मंडईत केला. १८८६ साली उघडलेल्या या दगडी वास्तूत दिवसाचा उजेड बाजूंनी आत येतो आणि गाळ्यांवर दिवे असतात, त्यामुळे एकाच चौकटीत दोन रंगांचे प्रकाश मिसळतात. व्हाइट बॅलन्स (कोणत्या रंगाचा उजेड पांढरा मानायचा ही कॅमेऱ्यातली मांडणी) दिवसाच्या उजेडाला, म्हणजे सुमारे ५५०० केल्विनला (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचे माप) ठेवला तर ३००० केल्विनच्या आसपासचा पिवळा दिवा चेहऱ्यावर नारिंगी झाक आणतो. दिव्याला जुळवून घेतला तर मागची वाट निळसर होते. दोन्ही प्रकाश एकाच वेळी तटस्थ करणे कॅमेऱ्याला शक्य नसल्यामुळे, चेहऱ्यावर ज्याचा अंमल आहे त्याला प्रमाण मानायचे आणि दुसऱ्याला चौकटीत शक्य तितकी कमी जागा द्यायची, असे मी ठरवले. “मावशी, तुमचा एक फोटो काढू का?” असे विचारून होकार मिळाला की घाई न करता दोन पावले डावीकडे-उजवीकडे सरकून पाहता येते, आणि त्या दोन पावलांत मागचा दिवा डोक्याआड जातो किंवा खांद्यावर नेमका रेषेसारखा उतरतो.

मंडईतच प्रकाशमापनाचाही धडा मिळाला. कॅमेऱ्याचे मीटर समोरच्या दृश्याला मध्यम करडे मानून हिशेब करते. पांढऱ्या मुळ्यांच्या जुड्यांनी चौकट भरली तर मुळे मळकट येतात आणि काळ्या वांग्यांनी भरली तर वांगी फिकट पडतात. मुळ्यांसाठी एक स्टॉप वाढवणे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) आणि वांग्यांसाठी साधारण तितकेच कमी करणे, मग हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या उजेड-अंधाराच्या वाटणीचा आलेख, उजव्या कडेला आपटत नाही ना हे पाहणे, ही आता हाताची सवय झाली आहे.

या काळातले सर्वांत समाधान देणारे काम मात्र कार्ल्याच्या लेण्यांत झाले. इथल्या चैत्यगृहाचे, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाचे, तोंड पश्चिमेला आहे आणि दर्शनी भागावरची घोड्याच्या नालाच्या आकाराची भव्य खिडकी हाच आतल्या उजेडाचा मुख्य उगम आहे. म्हणून दुपार कलल्यावर तिथे जावे. दाराकडे पाठ करून उभे राहिले की खिडकीतून आलेला उजेड दूरवरच्या स्तूपावर समोरून आणि वरून पडतो, मधल्या दालनाच्या बाजूने खांबांचे पृष्ठभाग उजळतात आणि खांबांमागच्या अरुंद वाटा अंधारात राहतात. दोन्ही बाजूंच्या खांबांच्या रांगा आणि छताच्या लाकडी फासळ्या नजरेला स्तूपापर्यंत घेऊन जातात. इथे तृतीयांशाच्या रेषा बाजूला ठेवून मी स्तूप बरोबर मधोमध घेतला, कारण बांधणाऱ्यांनी उजेड आणि दगड दोन्ही त्या अक्षावर आधीच तोलले आहेत आणि त्यांचा तोल मोडण्याचे काही कारण नाही. कॅमेरा वर झुकवला तर खांब आत कलल्यासारखे दिसतात. तो जमिनीला समांतर ठेवून, थोडे मागे सरकून, नंतर खालची जादा फरसबंदी कापणे मला अधिक योग्य वाटले. स्तूपापाशी जाऊन उलट दाराकडे पाहिले तर तेच दालन पूर्ण वेगळे होते: खिडकी झगझगीत, खांब जवळजवळ काळे. उजेड-अंधाराच्या दोन टोकांतील हा फरक एका एक्सपोजरमध्ये, म्हणजे एकदाच टिपलेल्या चित्रात, बसत नाही, म्हणून खिडकीचा तपशील राखून खांबांना छायाकृती होऊ दिले. काय दाखवायचे नाही हे इथे उजेडच ठरवतो, आणि तो निर्णय स्वीकारल्यावर चित्र स्वच्छ होते.

घरी परतल्यावर निरांजनाच्या उजेडात बहिणीच्या व्यक्तिचित्राचा प्रयोग हाती घेतला. त्यामागे प्रेरणा होती चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांच्या, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीच्या सुप्रसिद्ध जलरंगातील चित्राची. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात असलेल्या या चित्रात ज्योतीसमोर आडवा धरलेला हात बोटांतून लालसर उजळतो आणि मागच्या भिंतीवर सावली पडते. प्रकाश लहान स्रोतापासून दूर जाताना अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. ज्योत चेहऱ्यापासून २० सेंटीमीटर आणि भिंतीपासून १ मीटर असेल तर भिंतीला चेहऱ्याला मिळणाऱ्या उजेडाचा पंचविसावा भागच मिळतो, म्हणजे साडेचार स्टॉपांहून अधिक फरक पडतो. भिंत दिसायला हवी असेल तर बहिणीला भिंतीजवळ बसवायचे आणि नको असेल तर पुढे आणायचे, दिवा तोच राहतो. एफ १.८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० आणि १/६० सेकंद या मापांवर चेहरा नीट आला. व्हाइट बॅलन्स ज्योतीला पूर्ण जुळवला तर त्वचा तटस्थ होते, पण निरांजनाची ऊब जाते. म्हणून मी तो ३२०० केल्विनला ठेवला. हाताने ज्योत झाकताच ती स्वतः चौकटीतला सर्वांत उजळ बिंदू उरत नाही आणि नजर चेहऱ्याकडे वळते, हे हळदणकरांच्या चित्राने मला शिकवले.

आता पावसाळ्याचा सराव सुरू केला आहे. ढगाळ आकाश हा प्रचंड मोठा आणि मऊ स्रोत असला तरी उजेड डोक्यावरूनच येत असल्याने डोळ्यांच्या खोबणी काळवंडतात. माणसाला ओसरीच्या कडेला, छपराच्या आत उभे केले की वरचा उजेड अडतो आणि समोरचा चेहऱ्यावर येतो. पांढरे आकाश चौकटीबाहेर ठेवणे या दिवसांत आवश्यक आहे. पुढच्या टप्प्यात बाहेरून जोडण्याचा फ्लॅश छतावर आणि बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर परावर्तित करून तोच पितळी तांब्या पुन्हा मांडणार आहे. ज्यांनी फ्लॅशवर काम केले आहे त्यांनी एक सांगावे: घरातल्या बल्बच्या रंगाशी फ्लॅशचा रंग जुळवण्यासाठी तुम्ही नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावता, की बल्बच बंद करून टाकता?