लांबून की जवळून? बाल्डर्स गेट ३ मध्ये रोग खेळताना घेतलेला निर्णय

'बाल्डर्स गेट ३' हा व्हिडिओ गेम सुरू करतानाच रोग (Rogue, म्हणजे लपूनछपून वावरणारा चोरटा) हा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, घ्यायचा हे माझं पक्कं होतं. कुलपं उघडणं, सापळे हेरणं, पहारेकऱ्यांच्या नजरेखालून निसटणं हे मला लढाईपेक्षाही जास्त आवडतं. अडत होतं ते पुढेच: लढाईला तोंड फुटल्यावर माझी सावली (पात्राचं हे नाव मी फार मनापासून ठेवलं होतं) लांबून बाण मारणार, की शत्रूच्या कुशीत शिरून तलवार चालवणार?

सल्ले भरपूर मिळतात. एक म्हणतो, रेंज्ड (लांबून मारा) घे, मरणार नाहीस. दुसरा म्हणतो, मेलीशिवाय (melee, म्हणजे जवळून लढल्याशिवाय) रोग खेळण्यात राम नाही. मला दोन्ही पटायचं आणि त्यानेच जास्त घोळ व्हायचा. शेवटी एक गोष्ट मदतीला आली. लारियन स्टुडिओचा २०२३ चा हा गेम डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर बेतलेला आहे, आणि त्या नियमांत रोगच्या दोन्ही वाटा एकाच डेक्स्टेरिटीवर, म्हणजे चपळाईच्या आकड्यावर, चालतात. रेपियर (सडपातळ तलवार), शॉर्टस्वोर्ड (आखूड तलवार), हँड क्रॉसबो (एका हाताने चालवायचं बाण मारणारं हत्यार), सगळ्यांना तोच आकडा लागतो. शिवाय प्रत्येक पात्र जवळचं आणि लांबचं, असे शस्त्रांचे दोन संच एकाच वेळी बाळगतं. म्हणजे पात्र बनवताना काहीच ठरवायची गरज नाही. खरी फाटाफूट होते ती तिसऱ्या लेव्हलला सबक्लास (क्लासची उपशाखा) निवडताना आणि चौथ्या लेव्हलला फीट (खास कौशल्य) घेताना. तोवर दोन्ही हत्यारं आलटून पालटून वापरायची आणि नीट बघत राहायचं, असं ठरवलं.

सावली हाफ-एल्फ. या वंशाला ढाल वापरता येते, ही बाब बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. रेपियरबरोबर ढाल घेतली की आर्मर क्लास (वार लागू नये म्हणून असलेला बचावाचा आकडा) २ ने वाढतो, आणि हातात क्रॉसबो आला तरी ढालीचे ते २ कायम राहतात. रेंज्ड रोगला हा फुकटचा फायदा आहे.

आता डॅमेजचं बघू, कारण सगळे भांडतात ते त्यावरूनच. तिसऱ्या लेव्हलला स्नीक अटॅकचे (शत्रू बेसावध किंवा साथीदाराशी गुंतलेला असताना मिळणाऱ्या जादा डॅमेजचे) सहा बाजूंचे दोन फासे मिळतात, सरासरी ७. डेक्स्टेरिटी १६ असेल तर रेपियरचा वार स्नीक अटॅकसकट सरासरी साडेचौदा होतो आणि हँड क्रॉसबोचा साडेतेरा. फरक जेमतेम एकाचा. एवढ्यासाठी कुणी बाजू बदलू नये.

फरक पडतो तो नेम लागण्यात. फायटरला पाचव्या लेव्हलला एका अ‍ॅक्शनमध्ये दोन हल्ले मिळतात. रोगला शेवटच्या बाराव्या लेव्हलपर्यंत एकच. तो चुकला की स्नीक अटॅकही गेला आणि ती टर्न कोरडीच गेली. या लेव्हलला हल्ल्याच्या वीस बाजूंच्या फाशात +५ मिळतात, म्हणजे १५ आर्मर क्लासच्या शत्रूवर एक वार लागण्याची शक्यता ५५ टक्के. दुसऱ्या हातातही शस्त्र (दुसरी शॉर्टस्वोर्ड किंवा दुसरा हँड क्रॉसबो) असेल तर बोनस अ‍ॅक्शन (मुख्य कृतीशिवाय मिळणारी जादा छोटी कृती) खर्चून दुसरा वार करता येतो, आणि दोनांतला एक तरी लागण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या जवळ जाते. स्नीक अटॅक टर्नमध्ये एकदाच लागतो, पण तो दुसऱ्या वारावर लागला तरी चालतो. म्हणून रिअ‍ॅक्शनच्या यादीत जाऊन स्नीक अटॅक 'विचारून लाव' असा करून ठेवला. वार लागला की गेम विचारतो, मग सावकाश ठरवायचं.

हे आकडे मांडल्यावर मला जाणवलं की माझा प्रश्न हत्याराचा नव्हताच, बोनस अ‍ॅक्शनचा होता. मेली रोगने बोनस अ‍ॅक्शन दुसऱ्या वारावर घालवली की डिसएंगेज (उलटा वार न खाता मागे सरकणं) करायला काही उरत नाही, आणि २४ हिट पॉइंट्सची सावली शत्रूच्या तोंडाशी उभी राहते. लांबून मारणाऱ्याला पळायचंच नसतं, त्यामुळे दुसरा बाण बिनधास्त सुटतो. थीफ सबक्लासमध्ये तिसऱ्या लेव्हलला बोनस अ‍ॅक्शन एकाच्या दोन होतात. मेलीवाला तिथे दोन वार करून वर डिसएंगेजही करू शकतो, ही त्याची मोठी सुटका. रेंज्डवाल्याला मात्र एका टर्नमध्ये तीन बाण मिळतात, आणि तिनांतला एक तरी लागण्याची शक्यता ९१ टक्क्यांवर जाते.

कागदावर रेंज्ड पुढे होता. पण मैदान कागदासारखं नसतं, म्हणून दोन लढाया सांगते.

पहिली गॉब्लिनांच्या तळावरची, त्यांचा सरदार ड्रोर रॅगझ्लिनच्या दरबारात. छताखाली लाकडी तुळया आहेत. सावलीला तिथे चढवलं आणि खाली माझ्या साथीदारांना, फायटर लाएझेल आणि बरं करणारी शॅडोहार्ट यांना, पुढे केलं. उंचावरून मारताना हल्ल्याला +२ मिळतात आणि खालून वर मारणाऱ्याला -२. लाएझेल ज्या गॉब्लिनाला भिडायची, त्याच्यावर सावलीचा स्नीक अटॅक आपोआप लागू व्हायचा, कारण साथीदार शत्रूपासून दीड मीटरच्या आत असला की पुरतं, लपावं लागत नाही. एकेक करून गॉब्लिन पडत गेले. इथे रेपियर घेऊन खाली उतरणं म्हणजे वेडेपणा झाला असता.

दुसरी अंडरडार्क या जमिनीखालच्या जगातली, मिनोटॉर या बैलाच्या तोंडाच्या राक्षसाशी. सावली चांगली उंच कड्यावर, इतरांपासून लांब. मिनोटॉरने एकच झेप घेतली आणि थेट तिच्या पुढ्यात उतरला. शत्रू खेटून उभा असला की लांबच्या हल्ल्याला दोन फाशांतला कमी आकडा धरण्याचा डिसअ‍ॅडव्हान्टेज येतो, आणि डिसअ‍ॅडव्हान्टेज असला की स्नीक अटॅक साफ बंद. क्रॉसबोची टक्केवारी झर्रकन खाली आली. उंची, अंतर, तीन बाण, सगळं एका उडीत निकामी. लाएझेल धावत येऊन मिनोटॉरच्या मागे उभी राहिली, सावलीने हत्यारं बदलली आणि रेपियरने स्नीक अटॅक बसला. तो वार बसताना जो आनंद झाला तो तुळईवरच्या कुठल्याच बाणाने दिला नव्हता, हे अगदी खरं आहे.

बंद खोल्यांतही क्रॉसबोची पंचाईत होते. खांब, दारं, मधे उभे असलेले आपलेच लोक. शत्रू समोर दिसतो, पण बाणाची वाट अडलेली असते.

तरीही मी थीफ घेतला आणि रेंज्डवर शिक्का मारला. कारण माझी पार्टी. पुढे लढायला लाएझेल आणि चिलखत घातलेली शॅडोहार्ट होत्या, मागे जादूगार गेल एकटाच होता. पुढच्या फळीत तिसरं माणूस नेलं असतं तर शॅडोहार्टचं बरं करण्याचं निम्मं काम सावलीवरच गेलं असतं. मागे उभी राहून तिने गेलकडे धावणाऱ्यांना टिपलं, तर चौघंही कामाला लागत होते. रोग लांबून चांगला की जवळून, याचं उत्तर उरलेली तिघं देतात असं माझं ठाम मत झालंय.

चौथ्या लेव्हलला सगळे शार्पशूटर हा फीट घ्यायला सांगतात: हल्ल्यातून ५ वजा, डॅमेजमध्ये १० जास्त. मी हिशेब केला. +५ चे होतात शून्य आणि १५ आर्मर क्लासवर शक्यता ५५ वरून ३० टक्क्यांवर येते. अ‍ॅडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा आकडा धरण्याची सवलत) नसेल तर स्नीक अटॅकच्या बाणाची सरासरी ७.४ वरून ७ च्या आसपास उतरते. अ‍ॅडव्हान्टेज असेल तर १०.८ ची १२ होते. रोगचं बरंचसं डॅमेज स्नीक अटॅकमध्येच असतं, त्यामुळे बाण चुकल्याचा फटका त्याला इतरांपेक्षा जास्त बसतो. म्हणून आधी डेक्स्टेरिटी १६ ची १८ केली. नेम सुधारला, आर्मर क्लास वाढला, आणि या गेममध्ये इनिशिएटिव्हचा (पाळी कुणाची आधी हे ठरवणारा) फासा चारच बाजूंचा असल्यामुळे डेक्स्टेरिटीच्या बोनसमध्ये वाढलेल्या त्या एका पॉइंटनेही सावलीची पाळी बऱ्याचदा शत्रूच्या आधी येऊ लागली.

शार्पशूटर आठव्या लेव्हलला घेतला, आणि तो चालू-बंद करता येतो हे त्याचं खरं सौंदर्य. पहिला बाण शार्पशूटर बंद ठेवून मारायचा. स्नीक अटॅक एकदा लागला की शार्पशूटर चालू करायचा आणि उरलेले बाण १० जास्तीच्या डॅमेजने सोडायचे. चुकले तरी मोठं काही जात नाही. हे जमल्यापासून रेंज्ड थीफ माझ्या हातात बसला.

ढाल आणि रेपियर मात्र मी शेवटपर्यंत काढले नाहीत. मिनोटॉरसारखे उडी मारून येणारे पुढेही भेटतात.

जवळूनच लढायची हौस असेल तर आता पूर्वीइतकी कसरत नाही. २०२५ च्या पॅच ८ या अपडेटमध्ये स्वॅशबकलर हा रोगचा नवा सबक्लास आला. त्यात ज्याच्यावर मेली वार केला त्याला त्या टर्नमध्ये आपण दूर जाताना उलटा वार करता येत नाही, म्हणजे डिसएंगेजची बोनस अ‍ॅक्शन वाचते. पार्टीत आधीच दोघं लांबून मारणारे असतील तर मी तोच घेईन. आणि निवड मनासारखी नाही वाटली तर कॅम्पमध्ये विदर्स नावाचं पात्र आहेच. १०० सोन्याची नाणी दिली की तो क्लास, सबक्लास, फीट सगळं पहिल्यापासून बदलू देतो. कॅरलॅख ही जवळून लढणारी आणखी एक साथीदार पार्टीत आली तेव्हा लाएझेलला विश्रांती देऊन मी एकदा सावलीला स्वॅशबकलर करून बघितलं. कॅरलॅख एका बाजूने, सावली दुसऱ्या बाजूने, मधे शत्रू. त्या जोडीला तोड नव्हती. पण गेलपर्यंत पोचणाऱ्यांना अडवायला मागे कुणी उरलं नाही, आणि पुढच्या मोठ्या लढाईआधी मी विदर्सकडे जाऊन तिला पुन्हा थीफ केलं.