बोल्सेना ते ओर्विएतो: एका दिवसाची पायी वारी

इटलीतल्या ओर्विएतो शहराचं कॅथेड्रल बघायला बहुतेक लोक रेल्वेनं येतात आणि फ्युनिक्युलरनं, म्हणजे दोरानं ओढल्या जाणाऱ्या गाडीनं, वर चढतात. आम्ही बोल्सेनाहून चालत गेलो. पाय साथ देत असतील तर याच बाजूनं जावं, कारण ज्या वस्त्रामुळे हे शहर तीर्थ झालं ते इकडूनच गेलं. 1263 साली बोल्सेनाच्या सांता क्रिस्तिना चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासना, चालू असताना पवित्र भाकरीतून रक्त ठिबकलं आणि वेदीवरचं वस्त्र डागाळलं, अशी श्रद्धा आहे. पोप अर्बन चौथे तेव्हा ओर्विएतोत होते. वस्त्र त्यांच्याकडे नेलं, आणि 1264 मध्ये त्यांनी कॉर्पस डोमिनीचा, म्हणजे ख्रिस्ताच्या शरीराचा, सण सुरू केला. कॅथेड्रलची पायाभरणी 1290 ची.

अंतर वाटेप्रमाणे 18 ते 20 किलोमीटर. सकाळी सातच्या आत निघावं. बोल्सेनाचं सरोवर जुन्या ज्वालामुखीच्या खोलगटात आहे, त्यामुळे सुरुवातीलाच त्या खोलगटाच्या वरच्या कडेपर्यंत जवळजवळ तीनशे मीटरचा चढ लागतो. माणशी दोन लिटर पाणी आणि खाणं बोल्सेनातूनच घ्यावं, मधल्या दुकानांच्या भरवशावर राहू नये.

चुकायला होतं ते खुणांमुळे. जर्मनीहून रोमला जाणारी व्हिया रोमेआ जर्मानिका ही वाट ओर्विएतोहून बोल्सेनाला येते, म्हणजे आपल्या उलट. खुणा समोरून येणाऱ्यासाठी रंगवलेल्या असतात. म्हणून प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघावं, आणि चार-पाचशे पावलांत खूण दिसली नाही तर फाट्यापर्यंत परत यावं. मोबाइलमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवावा. पाऊस झाला असेल तर उतारावर बूट घसरतात, तिथं काठी हवीच.

पठार संपलं की समोर अख्खं शहर दिसतं: टफ या ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या दगडाचे उभे कडे, वर घरं, आणि सगळ्यांच्या वर कॅथेड्रल. लांबून कळस दिसला की वारकऱ्यांचे पाय आपोआप उचलतात, तसंच होतं. पण घाई करू नये. मध्ये दरी आहे. आधी गुडघ्यांची परीक्षा घेणारा उतार, मग कड्यावर पुन्हा चढ. पाण्याचा शेवटचा अर्धा लिटर या चढासाठी राखावा.

कॅथेड्रलच्या बाजूच्या भिंतींवर काळ्या बसाल्टचे आणि फिकट ट्रॅव्हर्टिनचे (एक चुनखडीचा दगड) पट्टे आहेत. काळा पट्टा म्हणजे आपल्या सह्याद्रीतलाच पाषाण, ज्वालामुखीतून आलेला. दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे, दुपारनंतर पोचलं की सोनेरी मोझेइकवर, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रांवर, ऊन येतं. आत शिरण्याआधी दर्शनी भागाच्या डावीकडच्या पहिल्या खांबापाशी थांबावं. 1310 पासून लोरेन्झो माइतानी इथला मुख्य कारागीर होता. खांबावरच्या कोरीवकामात वेलीच्या फांद्यांमध्ये बायबलमधला पहिला माणूस आदम झोपलेला आहे आणि देव वाकून त्याच्या कुशीतून बरगडी काढतोय. दगड असूनही ती कूस मऊ वाटते.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पाठपिशवीत एक उपरणं असू द्यावं. आत शिरल्यावर डाव्या हाताला वस्त्राचं चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह, आहे. कॉर्पस डोमिनीला हेच वस्त्र मिरवणुकीनं शहरभर नेतात.