रंगपटातली माणसं: जेनेसिस ८ वर राहायचं की ९ वर जायचं?

जेनेसिस म्हणजे डॅझ स्टुडिओ या थ्रीडी चित्रांच्या प्रोग्राममधले तयार मानवी पुतळे. त्यातलं जेनेसिस ९ ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं, तेव्हापासून माझ्या ‘रंगपट’ मालिकेच्या मागे एकच प्रश्न लागला होता: पात्रं जेनेसिस ८ वरच ठेवायची की नव्या पिढीवर न्यायची? आता निर्णय झाला आहे. स्त्रीपार्टी नट आणि ऑर्गनवाले बुवा ९ वर गेले, बाकीची कंपनी ८ वरच राहणार. असं का, ते सविस्तर लिहिते, कारण आपल्यातले बरेच जण अजून याच उंबरठ्यावर उभे आहेत.

मालिका पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या सांगलीत नाटक उभं केलं, त्या गावात राहून डॅझ स्टुडिओत फक्त परदेशी योद्धे आणि पऱ्या उभ्या करायच्या, हे मला पटेना. म्हणून संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळातली, साधारण १९१० च्या सुमाराची एक काल्पनिक फिरती कंपनी घेतली आणि प्रयोगाआधीचा तिचा रंगपट चितारायला बसले. आरशासमोर बसलेला नट, किटसन बत्तीचा (रॉकेलच्या प्रखर दिव्याचा) उजेड, दोरीवर वाळत घातलेले शेले, कोपऱ्यात सूर धरून बसलेले बुवा. सगळी स्थिरचित्रं आहेत, ॲनिमेशन नाही. हे लक्षात ठेवा, कारण निर्णयाचा बराच भाग त्यावर ठरतो.

सगळ्यात आधी कपाट बघा. तुमच्याकडे शर्ट, पँट, गाऊन असले तर पिढी बदलणं सोपं. दुकानात नव्या पिढीसाठी तेच पुन्हा मिळतं. पण काष्ट्याची नऊवारी, धोतर, पगडी, उपरणं यातलं माझ्याकडचं काहीच विकत घेतलेलं नाही. ब्लेंडर या दुसऱ्या थ्रीडी प्रोग्राममध्ये एकेक निरी घालून बनवलेलं आहे. नऊवारी बनवताना आत्याला समोर उभं करून ओचा कुठून निघतो, काष्टा मागे कुठे खोचला जातो, पदराचा ताण कुठल्या खांद्यावर येतो, हे सगळं टिपून घेतलं होतं. ही नऊवारी माझ्या सगळ्या संग्रहातली सर्वात मोलाची गोष्ट आहे, आणि ती जेनेसिस ८ फीमेलच्या अंगावर बेतलेली आहे.

आता गोम बघा. माझा मुख्य नट पुरुष आहे आणि त्याला नऊवारी नेसायची आहे. जेनेसिस ८ मध्ये पुरुष आणि स्त्री हे दोन वेगळे मेश, म्हणजे बिंदू जोडून केलेल्या जाळ्या, आहेत. बिंदूंची संख्या वेगळी, यूव्हीची (सपाट चित्र अंगावर कसं गुंडाळायचं त्या नकाशाची) मांडणीही वेगळी. त्यामुळे स्त्रीवर बेतलेली साडी पुरुषावर चढवायची तर ऑटो-फिटवर, म्हणजे कपडा दुसऱ्या पुतळ्यावर आपोआप बसवणाऱ्या सोयीवर, भिस्त, आणि ऑटो-फिट काष्ट्याला न्याय देऊच शकत नाही. मांड्यांमधून मागे गेलेलं कापड त्याला कळत नाही. ते दोन्ही पायांवर ओढून निऱ्या ताणून टाकतं. छातीवर चोळीचा आकार मूळ बाईच्या अंगासारखाच उमटून राहतो. तो कितीही मऊ केला तरी पुरुषाच्या रुंद छातीवर खोटा वाटतो. स्त्रीपार्टी नटाच्या अंगाची गंमतच अशी की खांदे, मनगटं पुरुषाची राहतात आणि नेसणं, बसणं, मान वळवणं बाईचं होतं. ते टिपायचं असेल तर साडी त्याच्याच अंगावर नेसवलेली हवी.

जेनेसिस ९ मध्ये पुन्हा एकच बेस, म्हणजे मूळ पुतळा, आहे. पुन्हा म्हणते, कारण २०११ चं पहिलं जेनेसिसही असंच एकसंध होतं. २०१३ च्या दुसऱ्या पिढीपासून स्त्री-पुरुष वेगळे झाले, ते ३ आणि ८ मध्येही तसेच राहिले. ९ मध्ये पुरुषी आणि बायकी ठेवण म्हणजे एकाच मेशवरचे दोन स्लायडर. एकदा या बेसवर साडी बसवली की ती नटालाही होते आणि पुढेमागे एखाद्या बाईच्या पात्रालाही. माझ्या विषयासाठी एवढं एक कारण पुरेसं होतं. बाकीच्या सुधारणा नसत्या तरी मी हा नट ९ वर नेला असता.

साडी नेताना ऑटो-फिटच्या वाटेला गेलेच नाही. साडीचा ओबीजे (आकाराची फाइल) बाहेर काढला, ब्लेंडरमध्ये ९ च्या पुरुषी आकारावर पुन्हा बसवला, कंबर आणि काष्टा हाताने नीट केला, परत आणून डॅझच्या ट्रान्स्फर युटिलिटीने रिग केला, म्हणजे पुतळ्याच्या हाडांना जोडला. आकार दिलेल्या अंगावर बेतलेलं कापड आणत असाल तर तिथला ‘रिव्हर्स सोर्स शेप फ्रॉम टार्गेट’ हा पर्याय लावा, नाहीतर कापड दुप्पट फुगतं. मग डीफोर्स, म्हणजे कापड कसं पडेल त्याचं सिम्युलेशन. कंबरेशी जिथे साडी खोचलेली आहे तिथे वेट मॅप (कापड कुठे किती हलावं ते ठरवणारा नकाशा) शून्यावर रंगवला, म्हणजे सिम्युलेशनमध्ये ती घसरत नाही. पोझ टाइमलाइनवर सावकाश चढवा: शून्याव्या फ्रेमला उभा, शेवटी मांडी घालून बसलेला. थेट बसलेल्या पोझवर सिम्युलेशन सुरू केलंत तर काष्टा मांडीत अडकून उसळतोच.

चेहरे हा दुसरा मोठा भाग. ज्यांनी चेहरे विकत घेतले आहेत त्यांच्यासाठी रूपांतराच्या तयार स्क्रिप्ट मिळतात. माझे चेहरे हाताने घडवलेले आहेत, आणि ‘मॉर्फ लोडर प्रो’ हे आकार आत आणायचं साधन जेनेसिस ८ चा मॉर्फ (घडवलेला आकार) ९ वर घेतच नाही. मेशच्या बिंदूंची संख्या आणि क्रम जुळत नाही, एवढंच कारण. म्हणून ब्लेंडरमध्ये जुना चेहरा ठेवला, त्यावर ९ चा बेस श्रिंकरॅपने (एक जाळी दुसरीवर चिकटवून बसवणाऱ्या साधनाने) ओढला, ओठांच्या कडा, पापण्या आणि नाकपुड्या हाताने सरळ केल्या. आत आणल्यावर हाडं नव्या आकारात बसवणारं ‘ॲडजस्ट रिगिंग टू शेप’ आणि मग ती जागा मॉर्फला बांधून टाकणारं ईआरसी फ्रीझ. हे दोन टप्पे टाळू नका. डोळ्यांची हाडं जुन्या जागी राहिली तर नजर कायम चुकलेली दिसते. ९ मध्ये डोळे, तोंड, पापण्यांचे केस हे वेगळे अवयव म्हणून जोडलेले असतात, त्यामुळे तेही नव्या चेहऱ्याबरोबर हललेत ना, ते प्रत्येक वेळी तपासावं लागतं.

रंगभूषेचा मॅप (कातडीवर चढवायचं सपाट चित्र) मात्र सहज आला. सफेद्याचा थर, गालावरचा हिंगूळ, कुंकू, काजळ हे सगळं मी जुन्या यूव्हीवर रंगवलं होतं. दोन्ही चेहरे एकाच जागी, एकमेकांवर बसलेले असल्यामुळे ब्लेंडरमध्ये एकावरून दुसऱ्यावर बेक केलं, म्हणजे रंग उतरवून घेतला. हनुवटीखाली एक शिवण दिसली, ती पुसून टाकली.

बुवांचं कारण वेगळं. त्यांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या आहेत आणि कॅमेरा अगदी जवळ आहे. एचडी मॉर्फ, म्हणजे बेसपेक्षा बारीक जाळीवरचा आकार, बनवायचं अधिकृत साधन मुळात डॅझच्या दुकानात माल विकणाऱ्या कलाकारांसाठी होतं, ते माझ्याकडे नाही. आपल्यासारख्यांनी घडवलेला तपशील बेस मेशवर जेवढा मावेल तेवढाच. ८ मध्ये तो सुमारे १६ हजार बिंदूंचा, ९ मध्ये सुमारे २५ हजारांचा. फरक कागदावर मोठा वाटत नाही, पण डोळ्यांच्या कोपऱ्यात आणि गळ्याच्या शिरांवर तो सरळ दिसतो. ऑर्गनच्या पट्ट्यांवर टेकलेली बोटंही मला ९ मध्येच हवी तशी वाकली. या एका चित्रासाठी मी बुवांची बोटं किती वेळ बघत बसले असेन, पण आता त्या हातांना वय आलं आहे.

मग बाकीची कंपनी ८ वर का? कारण चित्रं स्थिर आहेत आणि कॅमेरा तिच्यापासून लांबच राहतो. तबलजी, पडदे ओढणारी पोरं, चहा आणणारा माणूस हे किटसनच्या उजेडाच्या कडेला आहेत. त्यांचं धोतर आणि उपरणं ८ मेलवर उत्तम बसलेलं आहे. त्यांच्या मांडी घालून बसण्याच्या, उकिडवं बसण्याच्या पोझ मी स्वतः रचल्या आहेत, आणि ८ च्या पोझ ९ वर थेट चालत नाहीत. हाडांची रचनाच बदलली आहे. ८ मध्ये दंडाचं वाकणं आणि पिळणं ही दोन वेगळी हाडं होती, ९ मध्ये मुख्य हाड एक आणि पिळासाठी जोडहाडं. रूपांतर होतं, पण आपल्या बैठकी तशा होत नाहीत, प्रत्येक गुडघा पुन्हा बघावा लागतो. एवढा खटाटोप ज्या माणसाचा चेहराही धड दिसणार नाही त्याच्यासाठी करणं मला योग्य वाटत नाही.

मेमरीचंही गणित आहे. ४०९६ पिक्सेलचा एक रंगीत मॅप कॉम्प्रेस न करता सुमारे ४८ एमबी होतो, ८१९२ चा चौपट, म्हणजे १९२. ९ च्या कातडीबरोबर ८ के (८१९२ पिक्सेलचे) मॅप आले आणि सगळी कंपनी तशीच उभी केली, तर माझं १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड भरतं आणि आयरे, म्हणजे डॅझमधून अंतिम चित्र काढणारं इंजिन, गुपचूप संथ प्रोसेसरवर उतरतं. मागच्या माणसांचे मॅप मी २०४८ वर आणले, प्रत्येकी १२ एमबी. चित्रात काहीही फरक पडला नाही. दोन पिढ्या एकाच दृश्यात चालतात का, असं काहींनी विचारलं होतं. बिनधास्त चालतात. फक्त कातडीचा शेडर (पृष्ठभागावर उजेड कसा दिसेल ते ठरवणारी मांडणी) सारखा ठेवा. जेनेसिस ८.१ पासून कातडीसाठी पीबीआर शेडर आला, तोच सगळ्यांना लावला की बत्तीचा उजेड सगळ्यांच्या कपाळावर एकसारखा पडतो.

निर्णय न झालेल्यांना माझं म्हणणं: ९ चा बेस आणि सुरुवातीचं सामान फुकट आहे. काही विकत घेण्याआधी तुमच्या संग्रहातला सर्वात अवघड कपडा त्यावर चढवून बघा. चेहऱ्याची तुलना नंतर करा.

सध्या आरशासमोरचं चित्र सुरू आहे. नट अर्धा रंगलेला: चेहऱ्याला सफेदा, कानात कुडी, पण डोक्यावर अजून टोप चढलेला नाही, स्वतःचे बारीक कापलेले केस दिसताहेत. आरशातलं प्रतिबिंब आयरे सुरेख देतं, मात्र कपाळाशी सफेदा जिथे संपतो आणि केस जिथे सुरू होतात ती रेघ मनासारखी येत नाही. ९ वर कुणी स्ट्रँडचे (एकेक केस वेगळा असलेले) इतके आखूड केस बसवले असतील तर केसांच्या मुळाशी रंगाचा थर कसा मिसळलात ते सांगा. पुढच्या नोंदीत ते चित्र आणि बुवांच्या हातांचं जवळून घेतलेलं चित्र, दोन्ही टाकते.