पाटी झाकू नकोस

लेकीनं मला न विचारता माझं नाव एका ‘ऑटम फोटोवॉक’मध्ये घालून टाकलं. रविवारी दुपारी साडेतीन, एम्प्रेस गार्डन, पाण्याची बाटली आणि टोपी सोबत आणावी. मी ‘ऑटम’पाशीच अडले. कार्तिक संपत आलेला, म्हणजे शरदाचं शेपूट, तेवढं कबूल. पण पुण्यात तेव्हा कुठलं झाड पानं गाळत बसतं? आपली पानगळ माघ-फाल्गुनातली. कार्तिकात इथे झाडं हिरवीगार असतात, पहाटे जरा पांघरूण ओढावंसं वाटतं आणि दुपारी परत पंखा लावावा लागतो. हे मी लेकीला सांगितलं तर म्हणाली, “आई, तू नुसती जा.”

गेले.

आम्ही बारा-तेरा जण होतो. पुढारी एक गोड मुलगा, माझ्या भाच्याच्या वयाचा. “झाडाकडे बघू नका, उजेडाकडे बघा,” असं तो सारखं सांगत होता. उजेड होताच बघण्यासारखा, तिरपा, पिवळसर, खोडांच्या मधून आत शिरणारा. पण मुलाला हवी होती पानगळ, आणि ती कुठे सापडेना. शेवटी देशी बदामाचं एक लालभडक पान मातीत पालथं पडलेलं दिसलं. त्या एका पानाभोवती आठ माणसं उकिडवी बसली. एकानं ते उचलून दोन फूट उन्हात सरकवलं, दुसऱ्यानं त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं. घाटावर दहावा चालू असावा तशी शांतता होती.

मी आपली मोबाइल घेऊन हिंडत राहिले. पुढे चहाच्या वेळी प्रत्येकानं आपले तीन उत्तम फोटो दाखवायचे होते. मी त्रेचाळीस काढले होते. मुलानं माझा मोबाइल घेतला, बोटानं एक सरकवला, दुसरा सरकवला, आणि फार अदबीनं म्हणाला, “काकू, तुम्ही पाट्यांचे काढलेत का?”

त्रेचाळीसपैकी सत्तावीस पाट्यांचे निघाले. झाडांच्या नावाच्या पाट्या. काही फोटोंत झाड नव्हतंच.

(पुण्यात पाटी म्हटलं की लोकांना हसायचं असतं. ते एकदा उरकून घ्या, मी थांबते.)

तर पाटी. नाव कळल्याशिवाय मला झाड दिसतच नाही, हा माझा जुना दोष. लोक म्हणतात नावात काय आहे. पुष्कळ असतं. सातवीण घ्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरात रस्त्यारस्त्यावर उग्र वासानं डोकं उठवते ती. तिच्या शास्त्रीय नावात ‘स्कोलॅरिस’ आहे, कारण तिच्या लाकडाच्या शाळेतल्या मुलांसाठी पाट्या होत. म्हणजे झाडाच्या पाटीवर पाटीच लिहिलेली. हे मला कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटले होते. खुद्द या बागेचंही नाव आधी ‘सोल्जर्स गार्डन’ होतं. १८७७ साली व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर झाली, आणि पुढे सोल्जरांची बाग एम्प्रेसची झाली. बागेला काय त्याचं, ती आपली तीच.

आमच्या शाळेच्या आवारात एक कडुलिंब होता. त्याला कुणी तरी पत्र्याची पाटी खिळ्यांनी ठोकली होती, ‘अझॅडिराक्टा इंडिका’. झाड उंच होतं ते शेंड्याकडून, बुंधा फक्त जाड होत जातो. त्यामुळे खिळा कधी वर सरकत नाही, आहे तिथेच राहतो आणि साल त्याच्यावर येते. पुष्कळ वर्षांनी आमच्या बॅचचं स्नेहसंमेलन झालं तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले. दोन्ही बाजूंनी सालीचे ओठ पुढे आले होते आणि मधे ‘राक्टा’ एवढंच शिल्लक होतं. झाड आपलं नाव चावून खात होतं म्हणा ना.

हे पाटीचं वेड आलं दादांकडून. दादा म्हणजे माझे वडील. त्यांच्याकडे आगफाचा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो, सगळे चौकोनी. वर्षाकाठी दोन रोल, त्याहून जास्त म्हणजे उधळेपणा. दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी पीएमटीनं आम्ही एम्प्रेसला जायचो. डब्यात दशम्या, लसणाची चटणी. सतरंजी पसरायच्या आधी दादांचा कार्यक्रम सुरू व्हायचा. एक झाड निवडायचं, पाटी असलेलं. पाटीच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी करायची. मग कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीवर हाताचा आडोसा धरून, एक डोळा मिटून, पुढचा आकडा येईपर्यंत चावी फिरवायची. आकडा बरोब्बर मधोमध आला की मान वर. “पाटी झाकू नकोस.”

हे मला असायचं. माझं डोकं नेमकं पाटीच्या उंचीला यायचं. त्यामुळे मला खाली बसवत. त्या वर्षांतल्या प्रत्येक फोटोत मी उकिडवी बसलेली आहे, एखादं भांडं घासायला बसावं तशी, आणि माझ्या डोक्यावर लॅटिन.

कुणी दादांना विचारलं, अहो, पाटी कशाला? तर म्हणत, “उद्या कळायला नको का, काय होतं ते?”

चहानंतर माझी शाळा सुटली. बाकीचे ‘गोल्डन अवर’साठी गेले, मी एका बुचाच्या झाडाखालच्या बाकावर बसले. बुचाची फुलं रात्री उमलतात आणि पहाटे सडा पडतो. दुपारपर्यंत त्यांचा रुबाब गेलेला असतो. पण वेणीला तीच बरी. अगदी ताजं फूल टचकन मोडतं, जरा मलूल झालेलं वळतं. बोटभर लांब देठासारखी नळी असते. दोन फुलं एकमेकांवर आडवी ठेवायची, एकीची नळी दुसरीच्या मागून फिरवून पुढे आणायची, तिसरी त्यांच्यावर, परत मागून पुढे. दोरा लागत नाही. बोटांनी कधी सुरुवात केली मला कळलंही नाही. वीतभर वेणी झाली तेव्हा लेकीचा फोन आला, झालं का म्हणून.

या झाडाचं नाव मिलिंग्टोनिया हॉर्टेन्सिस. मिलिंग्टन नावाच्या इंग्रज डॉक्टरवरून. त्या प्रजातीत ही एकच जात, भावंडं नाहीत. ही पाटी मला पाठ आहे. दादांच्या एका फोटोत ती स्वच्छ वाचता येते.

घरी आल्यावर तो अल्बम काढला. काळी जाड पानं, मधे बटरपेपर, फोटो कोपऱ्यांत खोचलेले. बुचाच्या फोटोत डावीकडे आई, दोन्ही खांद्यांवर पदर. मधे पाटी. खाली मी. आणि उजवीकडे चष्मा लावलेली एक बाई. तिचा हात माझ्या डोक्यावर आहे. पुढच्या पानावरच्या फोटोतही ती आहे, सतरंजीवर, हसतेय. फोटो उलटा केला. मागे दादांचं शाईचं वळणदार अक्षर, झाडाचं पूर्ण नाव, कुळासकट. खाली तारीख. माणसांचं काही नाही.

आई आता चौऱ्याऐंशीची आहे. तिच्या हातात भिंग दिलं. बराच वेळ बघून म्हणाली, “ही होय. ही आपल्याबरोबर आली होती.”

“अगं, पण कोण?”

“थांब हं. कोथिंबिरीच्या वड्या आणल्या होत्या हिनं. खुसखुशीत. तुझे दादा चार खाऊन गेले, मला एक उरली.”

“नाव काय तिचं?”

“तुझ्या दादांच्या हापिसातल्या कुणाची तरी...” भिंग खाली आलं. “का शेजारच्या वाड्यातली? आता कुणाला विचारायचं?”

खरंच, विचारण्यासारखं कुणी उरलेलं नाही. मी पर्समधली वेणी काढून तिच्या पुढ्यात ठेवली. तिनं ती उचलून हुंगली, उलटसुलट करून बघितली.

“दोऱ्याशिवाय? कुणी शिकवलं तुला?”

“तूच ना?”

“मला कुठे येतं हे,” आई म्हणाली.

मी फोटो परत उलटा केला आणि दादांच्या अक्षराखाली लिहायला पेन्सिल घेतली. लॅटिनखाली नुसतं प्रश्नचिन्ह बरं दिसेना. शेवटी ‘कोथिंबीर वडी’ असं लिहिलं आणि फोटो होता तसा कोपऱ्यांत खोचून ठेवला.