आमची वाटचाल : गाडी न कापता एअर सस्पेन्शन

एअर सस्पेन्शन म्हणजे गाडीखाली लोखंडी स्प्रिंगांऐवजी हवा भरलेले रबरी बलून. ते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येते ती फुस्सकन जमिनीला टेकणारी गाडी. तशा गाड्या आमच्याकडे आल्या आणि आम्ही त्या परत पाठवल्या. आम्ही काम केलं ते रोज चालणाऱ्या गाडीचं. सकाळी पोरांना शाळेत सोडणारी, दुपारी कोल्हापूरच्या उद्यमनगरातून सामान आणणारी, रविवारी पाच माणसं घेऊन जोतिबाला चढणारी गाडी. असल्या गाडीला हवा कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी डिक्की भरलेली सेडान घेऊन गारगोटी रस्त्यानं एकदा जाऊन यावं. प्रत्येक स्पीड ब्रेकरला खालून जो आवाज येतो, तोच आमचा धंदा.

सुरुवात गाड्यांपासून नाही, बसपासून झाली. २००१ साली व्होल्वोच्या बी७आर बस भारतात आल्या आणि पुणे-बंगळूर महामार्गावर दिसायला लागल्या. लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगा नाहीत, खाली हवेचे रबरी बलून. त्या बसच्या गॅरेजमध्ये काम केलेले एक मिस्त्री पुढे आमच्यात भागीदार म्हणून आले. पैसे आमचे, हात त्यांचे. शाळा फार झाली नव्हती, पण इंजिनिअर लोक फळ्यावर जे समजावतात ते ते एका वाक्यात सांगायचे : ‘पाट्याला वजन कळत न्हाई, बलूनला कळतं.’ खरंच तसं आहे. लोखंडी स्प्रिंगेचा कडकपणा ठरलेला. रिकाम्या गाडीला ती कडक आणि भरल्या गाडीला मऊ. हवेत मात्र वजनाप्रमाणे दाब वाढवता येतो. गाडीची उंची तीच राहते आणि झुलण्याची लयही जवळपास तीच राहते. बसला हे चालतं तर रोजच्या कारला का चालू नये, एवढाच आमचा प्रश्न होता.

पहिली गाडी गारगोटीच्या एका डॉक्टरांची होंडा सिटी. डॉक्टर रोज कोल्हापूरला ये-जा करायचे, कमरेचं दुखणं होतं आणि गाडीचं पोट घासून घासून चकचकीत झालेलं. त्यांनी एकच अट घातली : ‘गाडीला करवत लावायची नाही. उद्या मला नको वाटलं तर कंपनीतून आली तशी परत पाहिजे.’ मिस्त्री म्हणाले, ‘डॉक्टर, आमचंबी त्येच म्हणणं हाय.’ पुढं सगळा धंदा या अटीवर उभा राहिला. वेल्डिंग नाही, अॅप्रन म्हणजे चाकाजवळचा आतला पत्रा कापणं नाही, चासीला भोक नाही. जे बसेल ते कंपनीनं दिलेल्या बोल्टवर बसेल. नसेल बसत, तर उद्यमनगरात लेथवर बसेल असं करून आणायचं. कोल्हापुरात असल्याचा फायदा म्हणजे सकाळी कागदावर काढलेला अॅडॅप्टर संध्याकाळी हातात मिळतो. पुण्या-मुंबईची लोकं त्याच तुकड्याची महिनाभर वाट बघतात.

मागची बाजू सोपी. सिटीला मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा; स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे. स्प्रिंग काढून तिथे बलून ठेवता येतो. खरी परीक्षा पुढे. तिथे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकातच; स्टेअरिंग वळवलं की अख्खा स्ट्रट वळतो. वरचं बेअरिंग मोकळं फिरलं नाही तर बलूनला पीळ बसतो, आणि पीळ बसलेला बलून वर्ष काढत नाही. मिस्त्री बलूनला गेरू फासायचे. गाडी फुल वर, फुल खाली, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग बॅटरी घेऊन खाली शिरायचं आणि गेरू कुठे लागलाय ते बघायचं. ब्रेकच्या होजला, शॉकअपच्या अंगाला, कशालाही लाल ठिपका दिसला तर सगळं परत खोलायचं. दाब वाढला की बलूनचा घेर वाढतो, हे विसरून रिकाम्या बलूनवर अंतर मोजणारे बरेच भेटले. त्यांचे बलून नंतर आमच्याकडे फाटून आले.

हत्यारांबद्दल थोडं सांगतो, कारण निम्मी गळती हत्यारांतून येते. पाइप हॅक्सॉनं किंवा पकडीनं कापायचा नाही. त्याचा कटर मिळतो, तो वापरला की तोंड सरळ येतं. तोंड तिरकं असेल तर पुश-इन फिटिंगमधली (पाइप नुसता दाबून बसवायच्या जोडातली) रिंग एका बाजूनं बसते आणि रात्रभरात गाडी कुठल्या तरी कोपऱ्यावर झुकते. आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळायची नाही. तिचे तुकडे सुटून सोलेनॉइडमध्ये, म्हणजे हवा सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतात, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि माणूस बलून बदलत बसतो. आट्यांना लावायचं सीलंट वेगळं मिळतं. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारायचं. मग मोजपट्टीनं चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही कोपऱ्यांची उंची घ्यायची, खडूनं काचेवर लिहायची, गाडी रात्रभर तशीच ठेवायची आणि सकाळी परत मोजायची. गिऱ्हाईक कितीही घाई करो, ही रात्र आम्ही सोडली नाही.

आणि ओलावा. हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा कशी असते हे कोल्हापूरकराला सांगायला नको. ते पाणी हवेच्या टाकीच्या तळाशी साठतं, व्हॉल्व्हमध्ये जातं, गंज आणतं. हवा दाबणारा कॉम्प्रेसर आणि टाकी यांच्या मध्ये ओलावा शोषणारा ड्रायर पाहिजे, टाकीला खाली पाणी सोडायचा ड्रेन कॉक पाहिजे, आणि तो पावसाळ्यात आठवड्यातून एकदा उघडलाच पाहिजे. डॉक्टरांनी हे काम स्वतःकडे ठेवलं होतं. रविवारी आंघोळीच्या आधी गाडीची टाकी, असा त्यांचा नेम. त्यांचा पहिला कॉम्प्रेसर शेवटपर्यंत चालला.

मग काही वर्षं चांगली गेली. इनोव्हा, सिटी, व्हर्ना, दोन-चार स्कोडा. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं काही नाही.

लिहायचं आहे ते त्याच्याबद्दल, ज्याला पाइप सरळ कसा कापायचा ते आम्ही शिकवलं. आमच्याकडेच होता. हुशार होता, हात चालायचा. एक दिवस सांगून गेला की गावाकडे शेती बघतो. पुढच्या महिन्यात महामार्गाच्या कडेला त्याचा बोर्ड लागला आणि बोर्डाखाली फोटो आमच्या गाड्यांचे! डॉक्टरांची सिटी नंबरप्लेट झाकून तिथे लावलेली आम्ही स्वतः बघितली. भाव आमच्या निम्म्याला. निम्म्याला कसं परवडतं हे आम्हाला पहिली गाडी खोलल्यावर कळलं. ड्रायर नाही. पुढचे दोन बलून एकाच टी-जोडावर, मागचे दोन दुसऱ्या टी-जोडावर, म्हणजे चारऐवजी दोन व्हॉल्व्हमध्ये काम. आणि जागा होत नाही म्हणून आतला पत्रा ग्राइंडरनं कापलेला.

टी-जोड म्हणजे काय हे ज्याने आंबा घाटात गाडी चालवली आहे त्याला समजावून सांगतो. गाडी डावीकडे वळली की वजन उजव्या बाजूला जातं. उजवा आणि डावा बलून एकाच पाइपवर असतील तर दाबलेल्या उजव्या बलूनमधली हवा सरळ डाव्या बलूनमध्ये पळते. ज्या बाजूला आधार पाहिजे तीच बाजू बसते आणि दुसरी वर उचलली जाते. सरळ रस्त्यावर काही कळत नाही. घाटात कळतं. त्याच्याकडून काम केलेला एक हॉटेलवाला आंब्याच्या वळणावर अक्षरशः दरीकडे कलला; गाडीत घरातली माणसं होती. तो आमच्याकडे आला तो भांडायलाच, कारण त्याला सांगण्यात आलं होतं की किट आमचं आहे, बसवणारा आमचाच माणूस आहे. आम्ही गाडी रॅम्पवर घेतली, त्याला खाली उभं करून टी-जोड दाखवला, कापलेला पत्रा दाखवला. चार बलूनना चार पाइप टाकून दिले आणि मजुरी घेतली नाही. तो हॉटेलवाला आजही येतो. पण त्याआधी त्यानं गावभर आमच्या नावानं जे खडे फोडले होते ते कोण गोळा करणार? ज्यानं हे केलं त्यानं आजपर्यंत एक शब्दानं दिलगिरी व्यक्त केलेली नाही. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर हात जोडतो. आम्हीही जोडतो.

मिस्त्री म्हणायचे सोडून दे. ते सोडून देऊ शकले. आम्हाला अजून जमलेलं नाही.

मग २०१९ उजाडलं. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला : उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम काही नवीन नव्हतं, पण त्याचा अर्थ तोवर जो तो आपापल्या सोयीनं लावत होता. निकालानंतर अर्थ एकच उरला. हातातली सगळी कामं आठवडाभरात रद्द झाली. आगाऊ घेतलेले पैसे परत केले. मागवलेले बलून आणि कॉम्प्रेसर खोक्यात पडून राहिले, आणि बँकेचा हप्ता काही न्यायालयानं थांबवला नव्हता. घरात सोनं गहाण पडलं. एवढंच लिहितो.

त्या काळात दुकान चाललं ते बसवण्यावर नाही, काढण्यावर. आम्ही प्रत्येक गाडीच्या मूळ स्प्रिंगा, त्यांची रबरं, बोल्ट, सगळं गोणपाटात बांधून, गाडीचा नंबर लिहून रॅकवर ठेवत आलो होतो. लोक हसायचे, भंगार साठवता म्हणायचे. निकालानंतर तीच माणसं दारात उभी राहिली. सकाळी गाडी आत, संध्याकाळी कंपनीतून आली तशी बाहेर. अलाइनमेंट करून, हेडलाइटचा झोत नीट लावून. उंची बदलली की टो आणि कॅम्बर, म्हणजे चाकांचे कोन, दोन्ही बदलतात, म्हणून स्प्रिंग परत टाकली तरी अलाइनमेंट करावीच लागते. हे आजही पुष्कळ गॅरेजवाले करत नाहीत आणि मग टायर आतून खाल्ला म्हणून टायरवाल्याला शिव्या देतात. डॉक्टरांची सिटीही तशीच मूळ रूपात गेली. गाडीवर वेल्डिंगचा एक टाका नव्हता.

महामार्गावरच्या त्या गाड्यांचं काय झालं? पत्रा कापलेला. स्प्रिंगा भंगारात विकलेल्या. तो हात वर करून मोकळा झाला आणि त्याची गिऱ्हाइकं आमच्याकडे आली. काहींना नवीन स्प्रिंगा, नवीन माउंट टाकून दिले. ज्यांच्या चासीला करवत लागली होती त्यांना नाही म्हणावं लागलं. तेव्हा समाधान वाटलं का, असं कोणी विचारलं तर हो, वाटलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीला महामार्ग पाण्याखाली, कित्येक दिवस वाहतूक बंद. शाहूपुरीच्या खालच्या अंगाला आमचं दुकान. रॅक वरच्या मजल्यावर होता म्हणून स्प्रिंगा वाचल्या, खाली लेथचा छोटा सेट आणि खोक्यातले कॉम्प्रेसर गेले. आणि पाणी उतरायच्या आत गावात बातमी पसरली होती की आम्ही दुकान बंद केलं. बातमी कोणी पसरवली हे आम्हाला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं. नाव घेत नाही.

पण त्याच पुरानं आम्हाला पुढचं काम दिलं. मर्सिडीज, ऑडी, रेंज रोव्हर, म्हणजे कंपनीनंच एअर सस्पेन्शन दिलेल्या गाड्या. पाण्यात उभ्या राहिलेल्या, चारही पायांवर बसलेल्या. ड्रायरमधले दाणे भिजून गच्च, कॉम्प्रेसरमध्ये गाळ. मोठ्या सर्व्हिस सेंटरनी अख्खा संच बदलायचा अंदाज दिलेला. आम्ही एकेक भाग खोलून, वाळवून, जो गेलाय तोच बदलून गाड्या उभ्या केल्या. कायद्याला धरून, कागदपत्रांसकट. आज आमचं बहुतेक काम हेच आहे. बाहेरून किट बसवून द्या म्हणणाऱ्याला आम्ही आधी आरटीओची लेखी परवानगी आणायला सांगतो. ती सहसा मिळत नाही, म्हणून बहुतेकांना आमचं उत्तर नाही असंच असतं.

अशा गाड्या वापरणाऱ्यांना सांगणं एवढंच : सकाळी एक कोपरा दोन बोटं खाली दिसला तर ‘चालू केल्यावर येते वर’ म्हणून सोडू नका. गळती छोटी असते, पण तिच्यामुळे कॉम्प्रेसर दिवसभर धावतो, त्याचा रिले (विजेचा स्विच) चिकटतो आणि कॉम्प्रेसर जळतो. बलूनचं काम कॉम्प्रेसरच्या खर्चावर जातं. ही खोड हवेइतकीच जुनी आहे. कॅडिलॅकनं १९५७ साली एल्डोराडो ब्रोअमला एअर सस्पेन्शन दिलं होतं, आणि गळतीला कंटाळून कित्येक मालकांनी पुढे साध्या स्प्रिंगा टाकून घेतल्या. जुनी गाडी घेताना ती रात्रभर उभी करून सकाळी बघा, विकणाऱ्यानं आधी चालू करून ठेवलेली नको. डॉक्टरांनी मध्यंतरी जुनी मर्सिडीज घेतली, तेव्हा सौदा करायच्या आधी ती एक रात्र आमच्या दुकानात होती. पुढचा उजवा कोपरा सकाळी खाली आला होता. तेवढे पैसे सौद्यातून कमी झाले.

मिस्त्री आता रोज येत नाहीत, गुडघे दुखतात. नवीन पोरांच्या हातात पाइप कटर आधी त्यांनीच द्यायचा, असा नियम आहे. त्यासाठी मुद्दाम रिक्षा पाठवतो.

आणि ज्यांच्या मूळ स्प्रिंगा अजून आमच्या रॅकवर आहेत, त्यांनी पावती घेऊन यावं आणि त्या घेऊन जाव्यात. पावती हरवली असेल तर गाडीचा नंबर सांगितला तरी चालेल.