टोप, कवचं आणि बंड्याचा डबा: आमची वाटचाल

कुत्र्यांचे डबे करतो म्हटलं की आजही निम्मे लोक हसतात. 2016 साली भोसरीतलं कँटीन सोडून कर्वेनगरच्या गाळ्यात हे काम सुरू केलं, तेव्हा सख्ख्या मेहुण्याने विचारलं होतं, "माणसांची गिऱ्हाइकं संपली का?" संपली नव्हती. पण पेठांमधून आणि कोथरूडमधून एक वेगळंच गिऱ्हाईक तयार होत होतं. घरात अंडंसुद्धा चालत नाही, पण कुत्र्याला चिकन हवं. डॉक्टर म्हणतात प्रथिनं वाढवा, सासूबाई म्हणतात माझ्या ओट्यावर ते शिजणार नाही. या दोघांच्या भांडणावर आमचा संसार चालतो.

40 लिटरचा टोप आणि लांब दांड्याचा झारा कँटीनमधूनच आले. 22 नंबरचं खिमा मशीन मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून बुधवारी उचललं. मोटर रिवाइंड करून घेतली, जाळी आणि पातं नवीन टाकलं. नंतर स्टीलचं चकचकीत मशीन घेऊन पाहिलं, पण चिकनची शीर अडकली की ते बंद पडायचं. ते माळ्यावर गेलं, जुनंच अजून भट्टीशेजारी आहे. बाकी रेसिपी साधीच आहे: आसट भात, स्वतःच्याच पाण्यात शिजलेला खिमा, लाल भोपळा, गाजर, फरसबी. मीठ नाही, फोडणी नाही. कलेजी वेगळी तोलायची, किलोला 50 ग्रॅमच्या वर नाही, नाहीतर व्हिटॅमिन ए जास्त होतं. आठवड्यातून एकदा तारली. खरी कसोटी शिजवण्यात नाही, निवण्यात आहे. जेवण परातीत पसरून पंख्याखाली पूर्ण निवल्याशिवाय आमची सौ. सीलिंग मशीनला हात लावू देत नाही. गरम डबा बंद केला की आंबलाच. निवला की मग उणे 18 वर फ्रीझरमध्ये.

आणि अंड्याची कवचं. 100 ग्रॅम चिकनमध्ये फॉस्फरस 200 मिलिग्रॅमच्या आसपास असतो आणि कॅल्शियम जेमतेम 10-15. नुसता चिकन-भात महिनोन्महिने घातला तर कमी पडलेलं कॅल्शियम शरीर स्वतःच्या हाडांतून काढतं. म्हणून कॅम्पातल्या एका बेकरीतून रोज कवचं आणायची, उकळायची, वाळवायची आणि पार पिठासारखी दळायची. 5 ग्रॅम पुडीत 1800 ते 2000 मिलिग्रॅम कॅल्शियम बसतं. हे काम वेळखाऊ आहे, वास येतो, मिक्सरची भांडी झिजतात. कोणी बघत नाही, कोणी विचारत नाही.

2021 च्या पावसाळ्यात एक तरुण आमच्याकडे आला. इंजिनिअर, बोलायला गोड. फ्रँचायझी द्या म्हणाला. आम्ही चहा पाजला, गाळा दाखवला, टोप दाखवला. काय लपवायचं होतं? दिवाळीपर्यंत त्याचा स्वतःचा ब्रँड निघाला. डबा आमच्याच आकाराचा, झाकण तेवढं हिरवं. कोणा गुंतवणूकदाराचा पैसा पाठीशी, त्यामुळे दर आमच्या निम्म्याने आणि पहिला आठवडा फुकट. क्लिनिकांच्या भिंतींवर त्याची पोस्टरं, सोसायट्यांच्या ग्रुपवर त्याचे कुपन. कवचाची पूड मात्र त्याने वगळली. वर ग्रुपवर मेसेज फिरला की काही जुने लोक डब्यात अंड्याची टरफलं घालतात, त्याने किडनी जाते. नाव नव्हतं, पण असं करणारे पुण्यात तेव्हा कितीसे होते?

महिन्याभरात ऑर्डरी निम्म्यावर आल्या. फ्रीझर भरलेला आणि फोन गप्प. गाळ्याचं भाडं थकलं, कमर्शियल सिलिंडरवाल्याने रोख मागायला सुरुवात केली. त्यात उलाढाल आदल्या वर्षी नुकतीच 40 लाखांवर गेलेली, म्हणजे जीएसटी आलाच. गाईगुरांच्या पेंडेला कर नाही आणि कुत्र्याच्या डब्याला 18 टक्के! हा हिशेब मला अजून कोणी नीट समजावून सांगितलेला नाही. चिकनवाल्या चाचांनी उधारी थांबवली नाही, एवढंच. "कुत्तों का खाना है, पैसा आता रहेगा," म्हणाले आणि खिमा तोलत राहिले.

त्या दिवसांत सदाशिव पेठेतल्या काकूंचा फोन आला. कट्टर शाकाहारी बाई. डब्यांसाठी गॅलरीत वेगळा छोटा फ्रीझर ठेवलेला, त्याला हात लावल्यावर आंघोळ. त्यांचा बंड्या गल्लीतलाच, कानाचा तुकडा गेलेला. काकू म्हणाल्या, "ते फुकटवाले माझ्याकडेही आले होते. डब्यात कॅल्शियम किती, विचारलं. सांगता येईना. तुम्ही निदान डब्यात काय किती ते लिहिलेला कागद देता." मग सहा महिन्यांचे पैसे आगाऊ दिले, पावती मागितली, आणि गेल्या मंगळवारी भोपळ्याच्या फोडी मोठ्या होत्या याबद्दल दहा मिनिटं सुनावलं. त्यांनीच तो कागद डॉक्टरांना दाखवून त्याच्या झेरॉक्स वाटल्या. डेक्कनपासून बाणेरपर्यंत त्यांची भाचरं आहेत, सगळ्यांकडे कुत्री. गाळा तेवढ्यावर वाचला.

2022 पासून ठीक चाललंय.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. घरी करायचं असेल तर जरूर करा, आम्हाला राग नाही. एक किलो शिजलेल्या जेवणाला कवचाची पूड एक सपाट चहाचा चमचा. वरण-भात देता ते ठीक, पण त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, आणि गणपतीच्या प्रसादातला मनुका किडनीला बाधतो. शिजलेलं हाड अजिबात नको, त्याच्या काचा होतात. 20 किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण अर्धा किलो जेवण पुरतं, तो कितीही केविलवाणं बघो. मोठ्या जातीच्या पिल्लाला मनाने काही घालू नका. आणि वर्षभर हेच देणार असाल तर जस्त, आयोडीन, व्हिटॅमिन ई यांची पूड डॉक्टरांकडून लिहून घ्या, ते भोपळ्यातून पुरेसं मिळत नाही.

तो हिरव्या झाकणाचा ब्रँड अजून आहे. दर आता आमच्याहून जास्त, आणि कुठल्याशा समारंभात त्यांना 'घरगुती चवीचा' म्हणून बक्षीसही मिळालं. चव कोणी पाहिली, परीक्षकांनी? गेल्या महिन्यात त्यांचा माणूस कॅम्पातल्या बेकरीत कवचांचा भाव विचारायला गेला होता. बेकरीवाल्याने आधी आम्हाला फोन केला. मी सांगितलं, सगळी आम्हीच उचलतो.